गाडग्याचा हिशेब

महाराष्ट्राने गाडगेबाबांचा खराटा लक्षात ठेवला आणि गाडगे विस्मरणात टाकले, असे आम्हांस वाटते. २०००-०१ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, गावोगावच्या भिंतींवर खराटा घेतलेले बाबा रंगवले गेले आणि नव्या पिढीच्या मनात ते झाडणारे संत म्हणून कायमचे बसले. ते खोटे नाही. परंतु ज्या वस्तूवरून त्यांना नाव मिळाले ती वस्तू खराटा नव्हती. ते मातीचे फुटके गाडगे होते, आणि ते अन्न घेण्याचे भांडे होते. भुकेल्या माणसाला अन्न मिळावे, ते रोज मिळावे, ते देणाऱ्याचा अहंकार वाढू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, यासाठी या निरक्षर माणसाने पन्नास वर्षे जी व्यवस्था उभी केली तिचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. आपली शाळा निवासी आहे. येथे दोन वेळा पंगत बसते आणि त्या पंगतीमागे एक कोठार असते. म्हणून या स्मरणिकेत बाबांचे चरित्र सांगताना आम्ही गाडग्याच्या बाजूने सांगणार आहोत.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादाने खचले आणि डेबू आठ वर्षांचा असतानाच वारले. दैवताला दारू आणि बकरे वाहायचे, त्याचा प्रसाद म्हणून स्वतः प्यायचे, आणि त्यासाठी कर्ज काढायचे, ही त्या काळच्या गोरगरीब जातींची रीत होती. ती रीतच या घराला गिळून गेली. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी माहेरी आली. डेबूला शाळा मिळाली नाही. गुरे मिळाली, नांगर मिळाला. मामाच्या शेतात तो इतक्या निष्ठेने राबला की अंगमेहनतीचा त्याचा लौकिक पंचक्रोशीत झाला. पुढे सावकाराच्या वहीतील आकड्यांनी मामाची जमीन गिळली. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या अंगठ्याखाली काय लिहिले जाते, हे डेबूजीने तेथे पाहिले. पुढील आयुष्यात त्यांनी शिक्षणाचा जो आग्रह धरला आणि हिशेबाच्या बाबतीत जो कडकपणा दाखवला, त्या दोहोंचे मूळ आम्हांस दापुऱ्याच्या त्या सावकारी वहीत दिसते.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंना दारू व मटणाचे जेवण द्यावे लागे. डेबूजीने गोडाचे साधे जेवण घातले. जातभाई चिडले, पण ताटावर बसले. चरित्रकारांनी हा प्रसंग दारूबंदीच्या अंगाने सांगितला आहे. आम्ही त्यात आणखी एक गोष्ट पाहतो. पंगतीत काय वाढायचे आणि त्याचा खर्च कोठून यायचा, हे ठरवणे म्हणजे समाजाच्या मर्मावर बोट ठेवणे होय, हे त्या तरुणाला त्या दिवशी कळले. यानंतर काही वर्षांतच, १८९९-१९०० मध्ये, वऱ्हाडावर तो भयंकर दुष्काळ आला, ज्याला लोक छप्पन्न्या दुष्काळ म्हणत. भूक हा शब्द त्या पिढीसाठी उपमा नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजीने घर सोडले. वय अठ्ठावीस. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. त्याचेच खापर कधी डोक्यावर टोपीसारखे, कधी समोर ताटासारखे. गाव बदलले की नाव बदले. कोठे चिंधेबुवा, कोठे वट्टीसाधू, कोठे गोधडे महाराज, कोठे लोटके महाराज. शेवटी गाडगे हेच नाव टिकले.

या भटकंतीतील एक बारीकसा नियम आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते भाकरी मागत, पण फुकट घेत नसत. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, कोणाची लाकडे फोडायची, आणि मग भाकरी, कांदा, चटणी जे मिळेल ते खापरात घ्यायचे. पैसा हातात धरायचा नाही. आता या नियमाची दुसरी बाजू पाहा. धडधाकट माणसाने काम करून खावे, असा आग्रह स्वतःपुरता पाळणाऱ्या या माणसाने आंधळ्या, पांगळ्या आणि महारोगी माणसांना जेवू घालताना मात्र कधी कोणती अट घातली नाही. मदतीच्या व्यवस्था बिघडतात त्या बहुधा येथेच. अटी दुबळ्यांना लावल्या जातात आणि सवलती सबळांना. बाबांनी हे उलटे केले.

अन्नदानाची त्यांची पहिली शाळा म्हणजे पूर्णा नदीच्या काठचे ऋणमोचन. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरे. काठ काळ्या मातीचा, निसरडा. स्नानाला उतरणारे घसरत, बायाबापड्या पडत. डेबूजी घर सोडण्यापूर्वीपासून तेथे जाऊन माती सारखी करीत असत. पुढे लोकांकडून वर्गणी आणि श्रम दोन्ही मिळवून त्यांनी तेथे घाट बांधला आणि स्वतः पाट्या वाहिल्या. घाट झाला तसा यात्रेतील अपंगांसाठी, निराधारांसाठी तेथे अन्न आणि कपडे वाटण्याचा परिपाठ पडला. येथे एक क्रम दिसतो, तो पुढे सर्वत्र दिसतो. आधी लोकांच्या डोळ्यांसमोर काम उभे करायचे, त्यात स्वतः घाम गाळायचा, म्हणजे लोकांचा हात आपोआप खिशाकडे आणि कणगीकडे जातो. आधी पैसा गोळा करून मग कामाचा शोध घेणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, म्हणून हा क्रम मुद्दाम सांगितला.

पैसा कसा येई? साधन एकच, कीर्तन. पण ते पुराणातील कथा सांगणारे कीर्तन नव्हते. समोरच्या शेतकऱ्याला, मजुराला ते प्रश्न विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढीत. कर्ज काढून लग्न का करता, तिथीला का जेवण घालता, नवसाचे बकरे का कापता, मुलाला शाळेत का घालत नाही. मधून गोपाळाच्या नावाचा गजर, की पुन्हा प्रश्न. हजारो माणसे रात्ररात्र बसत. कीर्तनाची बिदागी नाही, आरतीचे ताट नाही, पायावर डोके ठेवू देणे नाही. नमस्काराला वाकणाऱ्याच्या पाठीत काठी बसत असे. या निःस्पृहतेमुळेच व्यापारी, गिरणीमालक, कंत्राटदार त्यांच्या शब्दावर मोठमोठ्या रकमा द्यायला तयार होत. बाबा त्या रकमा स्वतः घेत नसत. बांधकाम सुरू असेल तेथे द्या, कारभारी नेमले आहेत त्यांच्याकडे द्या आणि पावती घ्या, असे त्यांचे सांगणे असे. श्राद्धाला, बारशाला, लग्नाच्या मानपानाला जो पैसा जाणार तो वळवून भुकेल्याच्या पानात आणि पोराच्या पाटी-पुस्तकात टाकायचा, हे त्यांचे साधे अर्थशास्त्र होते. नवीन पैसा निर्माण करण्याची गरज नव्हती. समाजाजवळ पैसा होता; तो चुकीच्या चुलीवर शिजत होता.

या मार्गाने पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, सदावर्ते सुरू झाली. सदावर्त हा जुना शब्द आहे. रोज, खंड न पडता, येईल त्याला शिधा किंवा शिजलेले अन्न देणे, असा त्याचा अर्थ. एखाद्या दिवशी हजार पाने उठवणे सोपे असते. त्यासाठी उत्साह पुरतो. रोज शंभर पाने उठवायची तर कोठार लागते, जळण लागते, भांडी लागतात, पहाटे उठणारी माणसे लागतात, उंदीर-टोक्यांपासून धान्य राखणारा कोणी लागतो आणि महिन्याच्या शेवटी जमाखर्चाचा मेळ घालणारा कोणी लागतो. बाबांनी प्रत्येक ठिकाणी विश्वस्त नेमले, कागदपत्रे रीतसर करवून घेतली. स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते म्हणून लिहिणाऱ्यांची निवड त्यांनी फार काळजीपूर्वक केली. १९५२ मध्ये या पसरलेल्या कामाला एकत्र बांधणारी गाडगे महाराज मिशन ही संस्था नोंदली गेली. लक्षावधी रुपयांच्या इमारती उभ्या करणाऱ्या या माणसाने मालकीच्या रकान्यात आपले नाव कोठेही येऊ दिले नाही.

याहून कठीण नियम त्यांनी घरच्यांना लावला. या संस्थांवर आपल्या रक्ताच्या नात्यातील कोणाचाही हक्क नाही, ही गोष्ट त्यांनी स्पष्ट करून ठेवली. बायको-मुलांनी धर्मशाळेच्या अन्नावर राहायचे नाही. कुंताबाईंनी आयुष्य झोपडीत काढले. बाबा स्वतःही आपण बांधलेल्या पक्क्या इमारतीत न राहता बाहेरच टेकत. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी समजली. कीर्तन थांबले नाही.

येथे आम्ही थोडे थांबतो. चरित्रकार हा प्रसंग वैराग्याचे शिखर म्हणून सांगतात, श्रोत्यांचे डोळे पाणावतात. आम्हांला मात्र तो वाचताना प्रत्येक वेळी कुंताबाई आठवतात. मुलगा दोघांचा होता. ज्या स्त्रीने नवऱ्याच्या नियमांची किंमत मोजली आणि जिच्या नावाने कोणतेही अभियान निघाले नाही, तिला या चरित्रात दोन ओळी तरी द्याव्यात. सार्वजनिक कोठारापासून घरच्यांना दूर ठेवणे हा नियम योग्यच होता. धान्याच्या कोठारात नातेवाइकांची ये-जा सुरू झाली की त्याचे दिवस भरले, हे कोणत्याही गावातील कोणताही माणूस सांगेल. पण योग्य नियमाचाही भार कोणीतरी वाहत असते.

आता पंढरपुराविषयी. विठ्ठलाच्या दारात येऊनही बाबा देवळात जात नसत. चंद्रभागेच्या वाळवंटात झाडत आणि तेथेच कीर्तन करीत. चोखामेळ्याची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, आत नाही. अस्पृश्यांना ते मंदिर उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधायला घेतली. वारीला येणाऱ्या महार-मांग-चांभार बांधवांना रात्री अंग टाकायला छप्पर नव्हते, पाणी नव्हते, वाळवंटात पावसात भिजत राहावे लागे. त्यांच्यासाठी ही धर्मशाळा. पुढे मराठा धर्मशाळा झाली, परीट धर्मशाळा झाली.

आमच्यातील काही तरुण विचारतात की जातीच्या नावाने वेगवेगळ्या धर्मशाळा बांधणे हे जात मोडणे की जात जपणे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला भक्तीने उत्तर देऊ नये. आमचे मत असे. १९१७-२० च्या पंढरपुरात सर्व जातींची एकच धर्मशाळा बांधली असती, तर पहिल्याच आषाढीला तिच्या ओसरीवरून अस्पृश्यांना बाहेर घालवले गेले असते आणि इमारत मात्र आमच्या नावाने उभी राहिली असती. बाबांनी आधी ज्यांना काहीच नव्हते त्यांच्या हातात किल्ली दिली. जेवणाच्या पंगतीत मात्र त्यांनी जात मानली नाही. त्यांच्या भंडाऱ्यात रांग एकच असे, आणि पहिला मान अपंगांचा असे. छपराच्या बाबतीत त्यांनी काळाशी तडजोड केली, पानाच्या बाबतीत केली नाही. ही तडजोड आम्हांला पटते, पण ती तडजोड होती हे आम्ही नाकारत नाही.

या धर्मशाळेची पुढची गोष्ट या स्मरणिकेच्या वाचकांना विशेष जवळची आहे. १९४९ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर देशाचे कायदामंत्री असताना, गाडगेबाबांनी ही चोखामेळा धर्मशाळा पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तीर्थयात्रेकरूंचे छप्पर विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. या घटनेतील अर्थ नीट पाहावा. एकीकडे कीर्तनकार, गोपाळाचा गजर करणारा, एकही दिवस शाळेत न गेलेला. दुसरीकडे कोलंबिया आणि लंडनचा विद्वान, जो पुढे सात वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा घेणार होता. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या आणि त्या एकच होत्या असे भासवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. पण पंढरपूरला येणाऱ्या अस्पृश्याला आता निवाऱ्याहून अधिक पुस्तकाची गरज आहे, हे ओळखण्याइतके ते कीर्तनकार मोकळ्या मनाचे होते, आणि त्या दानाचे मोल ओळखण्याइतके ते विद्वान नम्र होते. त्यांच्यातील स्नेह येथे उभा होता.

आपल्या समाजाला अन्नदान या शब्दाची एक जुनी ठेच आहे. तीही सांगितली पाहिजे. महारकीच्या बदल्यात दारोदार फिरून भाकरी मागायची, सणाला उरलेसुरले ओंजळीत घ्यायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि तेच खायचे, हे आमच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आलेले होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडला, परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना आठवते. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले होते, हे कमी आठवले जाते. पेण-रोह्याकडची कितीतरी घरे त्या आवाहनाप्रमाणे वागली आणि त्यापायी त्यांनी उपासही काढले. अशा समाजाच्या शाळेने वसतिगृहासाठी धान्य गोळा करायचे म्हणजे काय? पुन्हा ओंजळ पुढे करायची?

हा प्रश्न आपल्या संस्थेच्या बैठकांत पूर्वी अनेकदा झडला आहे. जुन्या माजी विद्यार्थ्यांना त्या चर्चा आठवत असतील. काहींचे म्हणणे, शासनाचे परिपोषण अनुदान मिळते तेवढ्यावर चालवावे, कोणापुढे हात पसरू नये. काहींचे म्हणणे, आपल्याच लोकांकडून घेतलेले दान म्हणजे भीक नव्हे. आम्हांला या वादात गाडगेबाबांचा खापराचा नियम उपयोगी वाटत आला आहे. भीक आणि वर्गणी यांतील फरक देणाऱ्याच्या मनात शोधू नये, तो हिशेबाच्या वहीत शोधावा. भाकरी मागणाऱ्या महाराला आपल्याला किती मिळणार आणि का मिळणार हे विचारण्याचा अधिकार नव्हता. तो सारा देणाऱ्याच्या मर्जीचा भाग होता. उलट ज्या कोठारात देणारा आपले धान्य कोठे गेले हे विचारू शकतो आणि खाणारे पोरही आज आमटी पातळ का, हे विचारू शकते, त्या कोठारात भीक शिरत नाही. बुद्धाच्या भिक्खूचे पात्रही याच अर्थाने भिकेचे नव्हते. ते घरोघर जाई, मिळेल ते समभावाने घेई, आणि संघाचे नियम त्याच्यावर घरच्या माणसाहून अधिक कडक होते.

म्हणून दिवाळीनंतर खारेपाटातील भात झोडून झाले की पेण आणि रोह्याकडील पालक आपापल्या ऐपतीने जे भात आणतात, आणि माघ-फाल्गुनात रब्बीचे कडवे वाल निघाले की पायलीभर वाल ठेवून जातात, त्याची नोंद नावानिशी होते. ज्याने मूठभर दिले त्याचीही होते. ज्या घरात देण्यासारखे काही नाही, त्या घरातील बाप किंवा आई एक दिवस येऊन धान्य निवडून जाते, छपराची कौले सारखी करून जाते. तेही त्याच वहीत लिहिले जाते. हे आम्ही नव्याने शोधलेले नाही. ऋणमोचनच्या घाटावर पैसा देणारा आणि पाटी वाहणारा एकाच कामाचे भागीदार होते.

मुठीमुठीने धान्य जमवण्याची कल्पना महाराष्ट्रात अनेकांनी वापरली. आपल्या पेण तालुक्यातील गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी उतारवयात घरोघर सर्वोदयपात्र ठेवायला सांगितले. त्यात घरातील लहान मुलाने रोज एक मूठ धान्य टाकायचे. त्यांच्या विचारांशी आपले मतभेद अनेक आहेत, पण मूठ लहान मुलाची असावी, ही सूचना आम्हांला शहाणपणाची वाटते. त्याहून जुना आणि मोठा दाखला १८७७ च्या दुष्काळाचा. तेव्हा जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी सत्यशोधक कार्यकर्त्यांसह धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नाची सोय केली. लोकांच्या मदतीवर चालणारी ती व्यवस्था होती. गाडगेबाबा तेव्हा वऱ्हाडात वर्षा-दीड वर्षाचे बालक होते. एकाच परंपरेतील दोन टोके आहेत, एवढेच म्हणायचे आहे.

आणि मग कर्मवीर भाऊराव पाटील. सातारच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत. कोठार रिकामे झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. गाडगेबाबांना कर्मवीरांविषयी अपार आदर होता. देवाला दिलेले फुकट जाते, भाऊरावांच्या पोरांना दिलेले उगवते, अशा अर्थाचे ते कीर्तनातून सांगत. १९४८ मध्ये भाऊरावांच्या स्पष्टवक्तेपणामुळे तत्कालीन मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले. शेकडो मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा चिंध्या पांघरलेल्या या वृद्धाने मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्याने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितले नाही, त्याच्या शब्दाला सत्तेच्या दारात वजन असते. १९५४ मध्ये कर्मवीरांनी कराडला महाविद्यालय काढले तेव्हा त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले.

बाबांच्या संदेशाची दहा कलमे पुढे फलकांवर लावली गेली. मंत्रालयातही तो फलक लागल्याचे अनेकांनी पाहिले आहे. त्यात पहिले कलम भुकेल्यांना अन्नाचे आहे, दुसरे तहानलेल्यांना पाण्याचे, आणि गरीब मुलामुलींच्या शिक्षणाचे चौथे. शिक्षणाला चौथे स्थान का, असे कोणी विचारील. उत्तर आमच्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. सकाळी काही न खाता आलेले मूल पहिल्या तासाला फळ्याकडे पाहते, पण त्याला फळा दिसत नाही. बाबा मात्र हा क्रम गरजेनुसार मोडत. हातात भाकरी घेऊन खा, ताट मोडा, बायकोला कमी दराचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला, असे ते बजावत. म्हणजे अन्न पहिले, पण अन्नाचा थाट शेवटचा.

त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक मुंबईतील. जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत, त्यांना खाट मिळे. सोबतचा नातेवाईक मात्र फुटपाथवर झोपे, तेथेच तीन दगड मांडून भात शिजवी आणि पोलीस आला की पातेले उचलून पळे. बाबांनी तेथे धर्मशाळा बांधली. आजाऱ्यापेक्षा आजाऱ्याजवळ बसणाऱ्याच्या भुकेकडे लक्ष जाणे, हे त्यांच्या नजरेचे वैशिष्ट्य होते. कोकणातून मुंबईस उपचाराला जाणाऱ्या आपल्या भागातील लोकांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि आमच्या इतिहासाच्या वर्गात आम्ही ते मुलांना ऐकवतो. आवाज थकलेला, पण प्रश्न तसेच टोकदार. मुले आधी भाषेला हसतात. पाच मिनिटांनी हसत नाहीत. त्यानंतर महिन्याभरात ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ऐंशी वर्षांचे गाडगेबाबा तेव्हा आजारी होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. दोघांच्या जाण्यात चौदा दिवसांचे अंतर होते.

स्वतःच्या नावावर त्यांनी काही ठेवले नव्हते. मागे राहिल्या त्या धर्मशाळा, वसतिगृहे, आश्रमशाळा आणि सदावर्ते. त्यांचे विश्वस्त आणि त्यांच्या वह्या. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळेत मुले शिकत राहिली. पुढे मुंबईत दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली, आणि टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी दूरदूरच्या गावांहून येणारे रोगी व त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात.